अननसाची नवीन पानं पिवळी-पांढरी येतायत, लोह कमी की नत्र कमी?

सिंहगडरोड_गच्ची

नमस्कार मंडळी. गच्चीवर अननस लावलाय, फुटवे सासरहून दोडामार्गकडून आणलेले, क्वीन जातीचे. मोठ्या ग्रोबॅगा आहेत, त्यात काळी माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडं शेणखत. पावसाळ्यात झाडं मस्त वाढली पण आता पोंग्यातून (मधल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यातून) जे जे नवीन पान बाहेर येतंय ते फिकट लिंबासारखं, बुडाकडे तर जवळजवळ पांढरं, आणि त्या पांढऱ्यात मधेच हिरवे ठिपके नि पट्टे. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार आहेत, त्यांना काहीच झालेलं नाही.

पाणी सोसायटीच्या बोअरचं, कारण नळाचं जेमतेम वापरायला पुरतं. खत म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) आलटून पालटून देते. कृषी सेवा केंद्रात फोटो दाखवला तर फेरस सल्फेट मातीत घाला म्हणाले, घातलं, काडीचा फरक नाही. शेजारच्या काकू चुलीची राख घाल म्हणतायत. बाकी सगळे म्हणतात पिवळं म्हणजे नत्र कमी, पण नत्र तर मी देतेच आहे ना! मला नुसतं "हे टाका ते टाका" नकोय, लोह दिलं तरी झाडाला लागत का नाही हे समजून घ्यायचंय.

हडपसर_रोपवाटिका

ताई अननस नत्राला फार हावरट आहे, एका झाडाला पूर्ण पिकात ८ ते १२ ग्रॅम निव्वळ नत्र सांगतात, म्हणजे युरियाच्या हिशोबात १७ ते २६ ग्रॅम. तुमचं बहुतेक कमी पडतंय. युरिया वाढवा, आठवड्यात हिरवं होईल. राख मात्र घालू नका.

माती_पाणी_सामू

युरियाबद्दलचं अर्धं बरोबर आहे पण "नत्र कमी" हे निदान इथे बसत नाही. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह एकदा पानात बसलं की तिथून जवळपास हलत नाही, त्यामुळे त्याची टंचाई कायम नव्या पानावर दिसते. ताईंनी जे लिहिलंय, जुनं हिरवं आणि पोंगा पांढरा, ही लोहाचीच खूण आहे. उसावर केवडा पडतो ना, तोच प्रकार.

आता लोह का लागत नाही. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोह ढिगाने आहे. प्रश्न लोह असण्याचा नाही, विरघळण्याचा आहे. मातीचा सामू (pH, ७ च्या खाली आंबट, वर अल्कली) ७.५ ते ८.५ आणि वर चुनखडी, अशा ठिकाणी लोहाचं पाण्यात न विरघळणारं गंजासारखं संयुग होऊन बसतं आणि मुळांना त्याचा उपयोग शून्य. ताईंनी मातीत घातलेल्या फेरस सल्फेटचंही तेच झालं असणार. बघायचं असेल तर बोअरच्या पाण्याने भरलेल्या बादलीत चमचाभर फेरस सल्फेट टाका. आधी हिरवट झाक येईल, थोड्या वेळाने पाणी चहासारखं आणि मग तळाला तांबूस गाळ. त्या गाळातलं लोह झाडाच्या दृष्टीने गेलंच. अननसाला मुळात ४.५ ते ५.५ सामूची आंबट जमीन लागते, म्हणून तो कोकणातल्या जांभ्यावर सुखात असतो आणि आपल्या मातीत उपाशी राहतो.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. हवाईमध्ये शंभर वर्षांपूर्वी हजारो एकरांवर अननस असाच पिवळा पडायचा. तिथली जमीनही ज्वालामुखीचीच, लालभडक, लोहाने भरलेली. पण काही भागात मँगनीज अतोनात, आणि ते लोहाच्या आड यायचं. १९१६ मध्ये मॅक्सवेल जॉन्सन नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाने दाखवलं की फेरस सल्फेट मातीत न घालता पानांवर फवारलं तर झाड हिरवं होतं. जमिनीशी भांडत न बसता थेट पानातून द्यायचं, ही गोष्ट तेव्हापासून अननसवाल्यांना माहीत आहे. आपल्याकडे मँगनीजच्या जागी चुना आहे एवढंच. आणि म्हणूनच कुठलंही मिक्स सूक्ष्म अन्नद्रव्य डोळे मिटून ओतू नका, त्यात मँगनीज नि झिंक असतं, लोह अडलेलं असताना ते जास्त झालं की अजून अडतं.

आता खरा मुद्दा, ज्याकडे कोणी बघत नाही, तो म्हणजे ताईंचं कॅल्शियम नायट्रेट. नत्र किती देता याच्याइतकंच ते कुठल्या रूपात देता याला अननसात महत्त्व आहे. झाड नायट्रेट घेतं तेव्हा मुळं बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडतात आणि मुळाभोवतीचा सामू वर चढतो. अमोनियम घेतं तेव्हा आम्ल बाहेर सोडतं आणि सामू खाली येतो. हा फरक मुळाला चिकटलेल्या मातीच्या अगदी पातळ थरात घडतो, पण लोह नेमकं तिथूनच घ्यायचं असतं! म्हणजे मातीत चुना, बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि वरून खत नायट्रेटचं, तिन्ही एकाच दिशेला ओढतायत.

आणि एवढ्यावर थांबत नाही. नायट्रेट झाडात गेल्यावर तसंच्या तसं वापरता येत नाही, त्याचं आधी नायट्राइट आणि मग अमोनियम करावं लागतं, आणि हे करणारी दोन्ही एन्झाईम्स लोहावर चालतात. अमोनियम दिलं की ही पायरीच वाचते. म्हणजे नायट्रेट लोह मिळू देत नाही आणि वरून झाडाची लोहाची गरजही वाढवतं. हवाईतच सिडेरिस आणि यंग या दोघांनी १९५६ मध्ये अननसाचं पिवळेपण, लोह आणि नत्र यांचं नातं यावर काम छापलं होतं, म्हणजे हा विषय काही आजचा नाही. पण आपल्याकडे खताच्या पिशवीवर लोक फक्त टक्के बघतात, नत्र नायट्रेटचं आहे का अमोनियमचं का युरियाचं ते बारीक अक्षरात खाली लिहिलेलं असतं तिकडे नजरच जात नाही.

एक अजून, बऱ्याच ठिकाणी "लोह हा हरितद्रव्याचा भाग आहे" असं वाचायला मिळतं. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. पण हरितद्रव्य तयार करायच्या कामाला लोह लागतं, म्हणून ते नसलं की पान पांढरं.

सिंहगडरोड_गच्ची

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे कॅल्शियम नायट्रेट बंद करायचं? आणि नुसता अंदाज बांधण्यापेक्षा लोहच आहे हे घरच्या घरी पक्कं करता येईल का? पान तपासायला लॅबमध्ये पाठवू का?

माती_पाणी_सामू

पान परीक्षणावर लोहाच्या बाबतीत फार भिस्त ठेवू नका. रिपोर्टमध्ये एकूण लोह येतं, आणि पिवळ्या पानातही एकूण लोह भरपूर दिसू शकतं कारण ते पानात असूनही निकामी होऊन बसलेलं असतं. शिवाय पुण्यातली धूळ पानावर बसलेली, पान नीट धुतलं नाही तर त्या धुळीतलं लोहच मोजलं जाईल. माती आणि पाणी मात्र जरूर तपासून घ्या, सामू, चुनखडी आणि पाण्यातलं बायकार्बोनेट एवढं तरी.

घरच्या दोन चाचण्या सांगतो. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका आणि कान जवळ नेऊन ऐका, फसफसलं तर चुनखडी आहे. दुसरी जास्त भरवशाची. अर्धा लिटर फिल्टरच्या नाहीतर पावसाच्या पाण्यात अडीच ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका म्हणजे द्रावण पानावर पसरेल. एका पिवळ्या पानाच्या फक्त उजव्या अर्ध्या भागाला ब्रशने दोन्ही बाजूंनी लावा, डावा अर्धा कोरडा ठेवा. संध्याकाळी लावा, दोन-तीन दिवसांनी परत लावा. आठ-दहा दिवसांत उजवा भाग हिरवट व्हायला लागला आणि डावा तसाच राहिला तर लोहच. युरियाच्या द्रावणाने दुसऱ्या पानावर हेच करून बघा, तुलना होईल.

हिंजवडी_हायड्रो

सर थोडं असहमत. मी कोकोपीटमध्ये न्यूट्रिएंट सोल्युशनवर लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी घेतो, माझं जवळपास सगळं नत्र कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटमधूनच जातं आणि पानं गर्द हिरवी असतात. नायट्रेटला एवढा दोष देणं बरोबर वाटत नाही. मला वाटतं चिलेटेड लोह (म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं लोह) दिलं की विषय संपला, ईडीटीएवालं १२ टक्के लोहाचं कुठेही मिळतं.

माती_पाणी_सामू

तुमचा मुद्दा रास्त आहे. नायट्रेट विष नाही, अननससुद्धा नायट्रेटवर वाढतो, पण सामू धरून ठेवला आणि लोह विरघळलेलं मिळत राहिलं तर. तुम्ही रोज सामू ५.८ च्या आसपास आणता, चिलेटेड लोह सतत टाकीत असतं, मुळाशी चुनखडी नाही. ताईंच्या ग्रोबॅगेत यातलं काहीच नाही. उलट सगळंच नत्र अमोनियमचं दिलं तरी नुकसान आहे, ते पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम घ्यायच्या आड येतं आणि जास्त झालं तर मुळं भाजतात. माझं म्हणणं पारडं कुठे झुकवायचं एवढंच आहे, आणि चुनखडीच्या मातीत ते अमोनियम आणि युरियाकडेच झुकवावं लागतं.

चिलेटचं म्हणाल तर ईडीटीए चिलेट साधारण ६ ते ६.५ सामूपर्यंतच लोह धरून ठेवतं, त्याच्यावर गेलं की कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह सुटून गंजतं. डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत चालतं. चुनखडीच्या मातीत आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) करायची तर ईडीडीएचए लागतं, ते ९ सामूपर्यंत टिकतं, त्यात लोह ६ टक्केच असतं आणि किंमत बरीच जास्त. ते दिलं की पाण्याला वाईनसारखा लालजांभळा रंग येतो. ताईंच्या मातीत ईडीटीएची आळवणी म्हणजे पैसे पाण्यात, पण पानावर फवारायला ते चांगलं आहे कारण पानावर चुना आड येत नाही.

हिंजवडी_हायड्रो

ओके, हे पटलं. सामूचा मुद्दा माझ्याकडे आपोआप सांभाळला जातो म्हणून लक्षात आला नव्हता. एक विचारतो, अमोनियम सल्फेट दिलं तरी मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करूनच टाकणार ना? मग फायदा काय?

माती_पाणी_सामू

उत्तम प्रश्न. हो, उबदार, हवेशीर, सामू ७-८ च्या मातीत अमोनियमचं दोन-तीन आठवड्यांत बरंचसं नायट्रेट होऊन जातं. पण ते होताना जंतू आम्ल सोडतात, म्हणजे सामू खाली आणायचं काम तरीही होतंच. त्यात अमोनियम सल्फेट मातीत घातल्या घातल्या मुळांच्या जवळ काही दिवस तरी अमोनियम असतं. म्हणून एकदम मूठभर घालायचं नाही, थोडं थोडं वारंवार. आंबट जमिनीत, ५ सामूच्या खाली, हे जंतू मंदावतात, त्यामुळे तिथे अननसाला नैसर्गिकपणेच नत्राचा मोठा वाटा अमोनियम म्हणून मिळतो, त्याची सवयच ती आहे. आणि आपल्याकडचा शेतीचा युरिया २०१५ पासून जवळपास सगळा निमकोटेड आहे, ते कोटिंगही नायट्रेट होण्याचा वेग थोडा कमी करतं.

दोडामार्गकर

ताई, आमच्याच भागातले फुटवे म्हटल्यावर लिहावंसं वाटलं. आमच्याकडे जांभ्या मातीत ही पांढऱ्या पोंग्याची भानगड सहसा दिसतच नाही, दिसली तर घराच्या कडेला जिथे चुन्याचा, सिमेंटचा राडारोडा पडलाय तिथल्या दोन-चार झाडांवर. तुमच्या ग्रोबॅगा गच्चीवर आहेत तर बांधकामाची रेती-सिमेंट आत गेलंय का तेही बघा.

अननसाच्या बाबतीत पान म्हणजे अर्धं मूळच समजा. पाणी पानावरून घरंगळत पोंग्यात आणि पानांच्या बगलेत साठतं, तिथे बारीक मुळं असतात, आणि पानाला खालच्या बाजूने जी पांढरी पावडरीसारखी लव असते ती पाणी नि खत शोषून घेते. पानाची पाठ नखाने खरवडून बघा, ती लव निघून खालची हिरवी कातडी दिसेल. म्हणून आम्ही युरिया फवारतो, एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, आणि पाणी बुडापर्यंत उतरेल असं भरपूर. फवारणी कायम ऊन उतरल्यावर, कारण अननस दिवसा पानाची छिद्रं मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो, वर गारव्यात द्रावण लगेच सुकतही नाही. युरिया चांगला घ्या, त्यात बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारा नको असलेला घटक) जास्त असेल तर अननसाच्या पानांचे शेंडे पिवळे होऊन करपतात.

अजून एक सांगतो. पानं लालसर होऊन शेंडे वाळत खाली वळत असतील आणि बुडाशी मुंग्यांची रांग दिसत असेल तर ते लोह नाही, पिठ्या ढेकूण आहे, त्याच्याबरोबर मर रोग येतो. आणि पोंग्यातलं पान हलकेच ओढलं तर सटकन हातात आलं आणि बूड कुजकट वास मारत असेल तर बुरशीची कूज आहे, तिथे कितीही लोह फवारलं तरी उपयोग नाही, पाणी थांबवा. सामू जास्त असला की ही कूजही जास्त येते, म्हणजे आंबट मातीचे फायदे दोन.

सिंहगडरोड_गच्ची

सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं आणि परत आले. व्हिनेगर टाकल्यावर माती सोडा टाकल्यासारखी फसफसली, लांबूनच ऐकू आलं. ब्रशची चाचणी पण केली, लोह लावलेल्या अर्ध्या भागात जिथे जिथे द्रावण लागलं होतं तिथे हिरवे ठिपके उमटलेत, काही ठिकाणी ठिपके एकमेकांत मिसळून सलग हिरवं झालंय, आणि पानाच्या मधल्या रेषेपलीकडे अजून तसंच पांढरट. युरिया लावलेल्या पानाला काहीच नाही. मुंग्या, कूज वगैरे नाही, पान ओढून बघितलं, घट्ट आहे.

आता पुढे काय काय नि कसं करू? माती बदलू की गंधक घालून आंबट करू? आणि ही झाडं मोठी झालीत, फूल यायच्या आसपास नत्र कधी थांबवायचं तेही सांगा.

माती_पाणी_सामू

एवढी स्वच्छ चाचणी शेतावरसुद्धा लोक करत नाहीत, फार छान केलंत.

गंधकाचा हिशोब बघा. तुमच्या बॅगेत १० किलो माती धरली आणि त्यात चुनखडी ५ टक्के असली तर अर्धा किलो चुना झाला. तो पूर्ण मारायला १६० ग्रॅम गंधक लागेल, त्याचं आम्ल व्हायला महिने जातील आणि मधल्या काळात मुळांभोवती क्षार साठतील. त्यापेक्षा माती बदलणं सोपं. कोकोपीट, तांबडी माती आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण करा, पण तांबडी मातीही व्हिनेगरने तपासूनच घ्या, नर्सऱ्यांमधली बरीचशी चुनखडीची निघते. राख, अंड्याची टरफलं, चुना, बोनमील यातलं काही नको. बोनमीलमधला फॉस्फरसही लोहाला अडवतो. थंडी संपल्यावर बदला, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा अननसाची मुळं जवळपास झोपलेली असतात, त्या दिवसांत नवीन मुळं फुटणार नाहीत.

तोवर फवारणी. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, सायट्रिक १ ग्रॅम, युरिया ५ ग्रॅम, ताजं करून लगेच वापरायचं, गंजासारखा रंग आला की ओतून द्यायचं. दर आठ-दहा दिवसांनी तीन वेळा, मग पोंगा बघून. १९:१९:१९ बरोबर एकत्र करू नका, त्यातल्या फॉस्फेटशी लोह बसून जातं. फरशीवर तांबडे डाग पडतात ते निघत नाहीत, खाली काहीतरी अंथरा. जी पानं आधीच पांढरी आहेत ती पूर्ण हिरवी होतील असं नाही, पोंग्यातलं नवीन पान कसं येतंय तेवढंच बघा.

मातीतून कॅल्शियम नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेट, महिन्याला बॅगेला २-३ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दोन हप्त्यांत. बोअरच्या पाण्याला सायट्रिक घालून सामू उतरवता येतो पण ते मातीत टिकत नाही, जंतू सायट्रिक खाऊन टाकतात. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवता आलं तर अननसापुरतं ते वापरा, नाहीतर नळाचं. खडकवासल्याचं पाणी बोअरच्या मानाने मऊ आहे. आरओचं वाया जाणारं पाणी काही जण झाडांना घालतात, ते अननसाला अजिबात नको, त्यात मूळ पाण्यातलेच क्षार दाटून आलेले असतात.

दोडामार्गकर

नत्र थांबवायचं म्हणाल तर पोंग्याच्या मध्यात लालसर कोंब दिसला की युरियाची फवारणी बंद. फुलोऱ्यावर लोहसुद्धा फवारू नका, डाग पडतात. नंतर पोटॅश द्या, सल्फेटचं, फळाला गोडी नि आंबटपणा दोन्ही त्यावर आहे. उशिरा नायट्रेट देत राहिलात तर ते फळात साठतं, डबाबंद अननसवाले याच्यावर बारीक लक्ष ठेवतात कारण रसात नायट्रेट जास्त असलं की डब्याच्या आतला कथिलाचा थर सुटायला लागतो. आणि माती बदलताना मुळं फार झटकू नका, झाड बाहेर काढल्यावर खालची दोन-तीन सुकलेली पानं सोलून टाका, तिथे बगलेत दबलेली पांढरी मुळं दिसतील, तेवढा भाग नव्या मातीत गाडा. पोंग्यात माती जाऊ देऊ नका.